भाचीचा पार्टनर लायसन्सशिवाय गाडी चालवतो: पोलिसांना कळवावं का?

रेडिंगहून

ब्रिटनमधल्या आपल्या मेलगटातल्या मंडळींना नमस्कार.

प्रश्न नाजूक आहे, म्हणून नावं देत नाही. भाची आणि तिचा पार्टनर इंग्लंडमध्ये एकत्र राहतात. त्याला नागपूरहून येऊन सव्वादोन वर्षं झाली. भारतातलं लायसन्स आहे, इथलं काढलेलंच नाही. गाडी रोज चालवतो, मोटरवेवरही नेतो. विचारलं की म्हणतो, "इन्शुरन्स दर वर्षी रिन्यू होतो, मग अडचण कसली?" गाडी भाचीच्या नावावर आहे. तिची स्वतःची टेस्ट गेल्या वर्षी पास झाली. सरळ कळवून मोकळं व्हावं, की आधी घरात बोलावं? कळवलं तर नेमकं काय होतं, ते जाणकारांनी लिहावं.

लेस्टरहून

ताई, दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण सगळं प्रकरण त्यांतच आहे: गाडी भाचीच्या नावावर आहे आणि तिची टेस्ट गेल्या वर्षीची आहे.

आधी त्याचं बघू. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. मध्ये महिनाभर नागपूरला जाऊन आलं म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. आंतरराष्ट्रीय परमिट काढलं तरी मुदत वाढत नाही. भारताचं लायसन्स इथल्याशी बदलूनही मिळत नाही, कारण ज्या देशांची लायसन्सं बदलून देतात त्या यादीत भारत नाही. (दुबईहून आलेले लोक इथे गोंधळ घालतात. अमिराती यादीत आहे, पण तिथलं लायसन्स भारताचं दाखवून घेतलेलं असेल तर ते चालत नाही.) म्हणजे हा माणूस गेलं सव्वा वर्ष कायद्याने विनालायसन्स आहे.

इन्शुरन्स रिन्यू होतो याचा अर्थ फक्त एवढाच की खात्यातून पैसे जातात. कंपनीने पहिल्या वर्षी परदेशी लायसन्स म्हणून नोंद केली आणि पुढे कुणी विचारलं नाही. बहुतेक पॉलिसींत चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं अशी अट असते. १२ महिने उलटले त्या दिवशी ती अट मोडली. लायसन्सचा दंड त्या मानाने किरकोळ आहे: जागेवरचा १०० पौंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ पॉईंट, कोर्टात गेलं तर जास्तीत जास्त १००० पौंड. विनाइन्शुरन्सचा मात्र जागेवरच ३०० पौंड आणि ६ पॉईंट, कोर्टात ६ ते ८ पॉईंट आणि दंडाला वरची मर्यादा नाही.

आता भाचीचं. स्वतःची गाडी विनाइन्शुरन्स चालवू देणं हाही तेवढाच गुन्हा, पॉईंटही तेवढेच. "मला वाटलं त्याला चालतं" हा बचाव इथे टिकत नाही. आणि टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉईंट झाले की लायसन्स रद्द होतं. मग प्रोव्हिजनलपासून (शिकाऊ लायसन्सपासून) सुरुवात: थिअरी पुन्हा, प्रॅक्टिकल पुन्हा. तुम्ही कळवाल त्याच्याविषयी, आणि गाडी चालवणं बंद होईल तिचं.

म्हणून माझं मत: आधी भाचीशी बोला, त्याच्याशी नाही. किल्ली तिने स्वतःकडे ठेवली आणि "यापुढे तू चालवायची नाहीस" असं मेसेजवर लिहून दिलं तर निदान पुढची परवानगी तरी संपते.

हॅरोहून

काकांचा कायदा बरोबर आहे, पण "आधी घरात बोला" हे वाक्य आपल्याकडे सहा सहा महिने चालतं. गणपती होतात, दिवाळी होते, बोलणं काही होत नाही. तेवढ्या काळात झेब्रा क्रॉसिंगवर कुणी गाडीखाली आलं तर? इन्शुरन्स कंपनी जखमी माणसाला पैसे देते, कायद्याने तिला ते द्यावेच लागतात. पण नंतर ती रक्कम ज्याने चालवली आणि जिने चालवू दिली त्यांच्याकडून वसूल करू शकते. मणक्याची इजा असेल तर ही रक्कम घर विकूनही फिटत नाही.

बोलायचं तर तारखेसह बोला. आज प्रोव्हिजनलचा अर्ज, ऑनलाईन ३४ पौंड. तो हातात येईपर्यंत गाडी बंद. पुढच्या शनिवारपर्यंत अर्ज गेल्याची पोच दाखवली नाही तर कळवायचं, आणि हे त्याला आधीच सांगायचं.

काही बाबतींत तर एक दिवससुद्धा थांबू नये. कोर्टाने गाडी चालवायला बंदी घातली असेल (त्यात सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आहे), पिऊन चालवत असेल, किंवा फिट येणं, दृष्टी जाणं अशा कारणाने लायसन्स काढून घेतलं असेल तर. पिऊन आत्ता रस्त्यावर असेल तर सरळ ९९९, तातडीचा नंबर.

कार्डिफहून

कळवायची पद्धत लिहिते, कारण अर्धी माहिती दिली की काहीच होत नाही.

डीव्हीएलएला (लायसन्सं देणाऱ्या सरकारी खात्याला) फोन करू नका. कुणी आजारपणामुळे गाडी चालवायला अयोग्य असेल तर ते त्यांना कळवतात. रस्त्यावर पकडणं पोलिसांचं काम आहे. तातडी नसताना पोलिसांचा नंबर १०१, किंवा आपल्या भागातल्या पोलिसांच्या वेबसाईटवरचा फॉर्म. नाव द्यायचं नसेल तर क्राइमस्टॉपर्स, ०८०० ५५५ १११. ती पोलिसांपासून वेगळी, स्वतंत्र संस्था आहे, नाव विचारत नाही, फोन कुठून आला ते शोधत नाही.

द्यायची माहिती: नंबरप्लेट, गाडीची कंपनी, मॉडेल, रंग, चालवणारा कसा दिसतो, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कधी आणि कुठे. "तो नेहमी चालवतो" याचा उपयोग शून्य. "सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठच्या सुमारास अमुक रस्त्याने स्टेशनकडे" हे उपयोगी, कारण बहुधा त्याला चालवतानाच थांबवावं लागतं. गाडी कुणाच्या नावावर आहे हेही खरं सांगा. आणि जे स्वतःला माहीत नाही ते रंगवून सांगू नका, मुद्दाम खोटी तक्रार करणं हा गुन्हा आहे.

थांबवल्यावर पोलिस गाडी तिथेच जप्त करू शकतात. साधी कार सोडवायचा खर्च २०२३ पासून १९२ पौंड, शिवाय यार्डात ठेवायचे दिवसाला २६. सोडवायला मालकाची ओळख, वैध लायसन्स असलेला चालक आणि इन्शुरन्स लागतं. इथे लोक अडकतात: बऱ्याच साध्या पॉलिसी जप्त झालेली गाडी सोडवण्यासाठी चालत नाहीत, त्यासाठी वेगळी घ्यावी लागते. १४ दिवसांत सोडवली नाही तर गाडी विकतात किंवा मोडीत काढतात.

एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून विचारते. भाची त्याला घाबरते का? किल्ली काढून घेणं तिला खरंच जमेल का? नसेल तर वरचं "आधी तिच्याशी बोला, मेसेजवर लिहून दे" हे सगळं बाजूला ठेवा. कळवल्याचा संशय पहिला तिच्यावरच जाईल. त्या परिस्थितीत आधी घरगुती अत्याचाराच्या राष्ट्रीय हेल्पलाईनशी बोला, ०८०८ २००० २४७, चोवीस तास, फुकट.

रेडिंगहून

घाबरत नाही, उलट तिचाच आवाज मोठा आहे. पण त्याच्या व्हिसाचं काय? ती म्हणते, पोलिसांत गेलं तर आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) अडेल.

लेस्टरहून

जागेवरचा दंड मुदतीत भरला तर ती कोर्टाची शिक्षा धरत नाहीत. प्रकरण कोर्टात जाऊन दोषी ठरलं तर मात्र दंड कितीही लहान असो, आयएलआरच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात सांगावंच लागतं. लपवणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा जड जातं. म्हणजे व्हिसाची काळजी हे गप्प बसायचं कारण नाही, आजच गाडी थांबवायचं कारण आहे. पॉईंट पडले तर तेही विसरू नका: विनाइन्शुरन्सची नोंद लायसन्सवर चार वर्षं राहते आणि कंपन्या पाच वर्षांपर्यंतचं विचारतात. आधीचे ६ अजून लागू असताना टेस्ट पास झाली आणि दोन वर्षांत आणखी पडले, तर नवं लायसन्सही जातं.

हॅरोहून

पुढचं त्याला लिहून हातात द्या. प्रोव्हिजनल आलं की पुढे-मागे लाल एल, आणि शेजारच्या सीटवर किमान २१ वर्षांचं, पूर्ण लायसन्स मिळून तीन वर्षं झालेलं माणूस. भाचीला एकच वर्ष झालंय, तिला शेजारी बसवून चालणार नाही! इन्शुरन्स लर्नर म्हणून वेगळं. मोटरवे फक्त मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरबरोबर, दुहेरी ब्रेक-क्लचच्या गाडीत.

थिअरी २३ पौंड: ५० पैकी ४३ बरोबर हवेत, धोके ओळखायच्या व्हिडिओत ७५ पैकी ४४. पास झाल्यावर दोन वर्षांत प्रॅक्टिकल करावं लागतं, ते ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. तारीख मिळायला महिने जातात, म्हणून थिअरी आधी उरका. १५ लहान चुका माफ, गंभीर एक झाली तरी नापास. दहा-दहा वर्षं भारतात चालवलेले लोक राउंडअबाउटवर लेन चुकतात आणि वळताना आरसा बघत नाहीत, तिथेच पडतात. इन्स्ट्रक्टरकडे पाच-सहा तास घ्यायला सांगा, अनुभवाचा मान राखून.

कार्डिफहून

उत्तर आयर्लंडमधल्या सभासदांनी लक्षात ठेवावं, तिथे लायसन्सं देणारी संस्था (डीव्हीए) वेगळी आणि फी वेगळी. आणि कृपा करून कुणीही इथे नंबरप्लेट किंवा पत्ता लिहू नये. या मेल साडेतीनशे घरांत जातात.

रेडिंगहून

भाचीशी बोलले. किल्ली तिच्याकडे आहे, मेसेज गेला आहे, तो सध्या बसने जातोय आणि रागावलेला आहे. अर्जाची पोच शनिवारपर्यंत मागितली आहे. आली नाही आणि तो पुन्हा स्टिअरिंगवर दिसला तर क्राइमस्टॉपर्सचा नंबर भाचीनेच फ्रिजवर लावून ठेवला आहे.