सोसायटी ग्रुप: शनिवारी हॉलमध्ये कोणता पिक्चर?

वानखेडे, सेक्रेटरी (ए-१०१): चेतन, तू काल रात्री टाकलेली टेलिग्रामची लिंक मी डिलीट केली आहे. गणपतीत शनिवारी हॉलमध्ये पिक्चर दाखवायचा हे कमिटीत ठरलं, पण टॉकीजमध्ये सुरू असलेला पिक्चर असा कुठून तरी उतरवून दाखवायचा असं कोणी म्हटलं नव्हतं. उद्या काही झालं तर ग्रुप अ‍ॅडमिन म्हणून माझं नाव येते.

चेतन (बी-४०२): काका अख्खं नागपूर पाहून राहिलं, आपल्यालेच काऊन पकडतील 😄 प्रोजेक्टर माझा स्पीकर माझे, फुकटात होऊन राहिलं तर होऊ द्या ना

गावंडे काका (ए-३०३): बरोबर बोलला. आमच्या वेळी व्हीसीआर भाड्यानं आणून एका रात्रीत तीन पिक्चर व्हायचे, सगळी लाइन सतरंज्या घेऊन यायची. कॉपीराइटचं नाव कोणी काढलं नाही.

साहू भाऊ (सी-००४): काका ती कॅसेट आमच्यासारख्याच्याच दुकानातून जात होती. माझी इतवारीत सीडी लायब्ररी होती. बर्डीच्या फुटपाथवर डुप्लिकेट सीडी आली अन् माझं गिऱ्हाईक गेलं, मग पेन ड्राइव्ह भरून देणाऱ्यानं फुटपाथवाल्याला बसवलं अन् त्याला टेलिग्रामनं. चोरावर मोर. शटर मात्र पहिले माझं पडलं.

ढोबळे काकू (बी-१०३): ते सगळं ठीक आहे पण वानखेडे भाऊजींना खरंच जेल होते का जी? मेश्राम ताई आहेत का ऑनलाइन

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): आत्ता कोर्टातून आले. वानखेडे साहेब, अ‍ॅडमिनची भीती काढून टाका, त्यावर आपल्याच नागपूर खंडपीठाचा निकाल आहे, १ मार्च २०२१ चा. केस गोंदिया जिल्ह्यातली होती, ग्रुपमधल्या एकानं ग्रुपमधल्याच एका बाईबद्दल घाण लिहिलं आणि अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा लागला. कोर्ट म्हणालं, अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, मेसेज यायच्या आधी तो तपासता येत नाही, दोघांचा ठरवून केलेला प्रकार असल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजपायी त्याला धरता येणार नाही. गुन्हा रद्द झाला. पण ती केस कॉपीराइटची नव्हती, आणि तोच पिक्चर तुम्ही स्वतः हॉलमध्ये लावलात तर अ‍ॅडमिन म्हणून नाही, लावणारे म्हणून अडकाल.

चेतन (बी-४०२): म्हणजे काका सुटले, मी अडकलो 😅

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): हसू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ वाच, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंदा म्हणून केलेलं नसेल तर कोर्ट कारण देऊन शिक्षा कमी करू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आहे. आणि तुझ्या लिंकवर डोकी हलताना दिसत होती, म्हणजे कोणी तरी टॉकीजमध्ये मोबाइल धरून बसलं होतं. त्यासाठी २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात वेगळी कलमं आली, तिथे दंडच ३ लाखांपासून सुरू होतो आणि पिक्चरच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो.

गावंडे काका (ए-३०३): मग मी रोज सकाळी सहा वाजता सगळ्या पेपरांचे पीडीएफ टाकतो तेही चोरीच का? मी घरी एक पेपर विकत घेतो.

ढोबळे काकू (बी-१०३): गावंडे भाऊ, त्यानं माझा फोन भरून राहिला ते आधी पहा 🙏

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): एक विकत घेतला म्हणून बाकीच्यांच्या प्रती वाटायचा हक्क येत नाही ना काका. लॉकडाऊनमध्ये २०२० साली पेपरवाल्यांच्या संघटनेनं यावरच इशारा दिला होता, त्यात अ‍ॅडमिनलाही धरू असा दम होता, तो मला तेव्हाही जास्तीचाच वाटला होता. पण त्याच वर्षी एका हिंदी दैनिकानं दिल्ली हायकोर्टात टेलिग्रामला खेचलं आणि ई-पेपर वाटणारे चॅनल ४८ तासांत काढा, चालवणारे कोण ते सांगा असा आदेश मिळवला. एखाद्या बातमीची लिंक टाका, त्याला कोणी काही म्हणणार नाही.

गावंडे काका (ए-३०३): पण माझ्या पीडीएफनं नुकसान कोणाचं होते ते सांगा.

साहू भाऊ (सी-००४): सायकलवर पेपर टाकतो त्या पोराचं. आपल्या विंगमधून किती पेपर बंद झाले विचारा त्याले.

इंगळे मॅडम (ए-२०४): मी इतका वेळ वाचत होते पण आता लिहितेच. मी नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवते, ऑनलाइन बॅचसाठी व्हिडिओ केलेत, रात्री मुलं झोपली की बोर्ड लावून रेकॉर्ड करायचं, पंख्याचा आवाज येतो म्हणून नागपूरच्या मे महिन्यात पंखा कूलर दोन्ही बंद करून, आणि ते सगळेच्या सगळे व्हिडिओ एका चॅनलवर गेले, वरून तो चॅनलवाला त्याचे पैसे घेतो. कळलं कसं, तर माझ्याच क्लासमधल्या एका मुलीच्या आईनं फोन करून विचारलं, मॅडम तुमचेच व्हिडिओ तिकडे स्वस्तात आहेत, ते घेतले तर चालतील का? बरं तिच्या आवाजात काही खोट नव्हती, तिला खरंच वाटत होतं की भाजीसारखं दोन ठिकाणी भाव विचारायचा. तक्रार केली, चॅनल गेला, चार दिवसांत दुसऱ्या नावानं आला.

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): मॅडम, अगदी अशीच केस झाली आहे, दिल्लीत स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणाऱ्या एका शिक्षिकेची. टेलिग्राम म्हणत होतं आमचे सर्व्हर सिंगापूरला, तिथल्या कायद्यानं आम्हाला माहिती देता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हायकोर्टानं ते मानलं नाही, चॅनलवाल्यांचे नंबर, आयपी अ‍ॅड्रेस, ईमेल द्यायला लावले आणि ते त्यांनी दिलेही. तुमचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, आपण बोलू.

चेतन (बी-४०२): मॅडम तुमचं वेगळं आहे, तुमच्यासाठी वाईट वाटते. पण मोठ्या कंपन्यांचं कायले वाईट वाटून घ्यायचं? पाच अ‍ॅपचे पैसे भरा अन् पाहायचा तो पिक्चर सहाव्यावर. एक मॅच इकडे एक तिकडे

इंगळे मॅडम (ए-२०४): वेगळं कसं रे? तो चॅनलवाला पण असंच म्हणत असेल, मॅडमकडे काय कमी आहे.

श्वेता (बी-५०१): मला चेतनदादाचं अर्धं पटतं. मी विद्यापीठात पीएचडी करतेय, एक रिसर्च पेपर वाचायचा तर कधी कधी दोन-तीन हजार मागतात आणि त्यातला एक रुपया लिहिणाऱ्याला जात नाही, रिसर्च बरेचदा सरकारी पैशातून झालेलं असतं. असे पेपर फुकटात देणारी साय-हब ही साइट होती तर चालून जात होतं, पण तीन परदेशी प्रकाशकांच्या २०२० च्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टानं २०२५ मध्ये ते ब्लॉक करायला सांगितलं. मॅडमच्या व्हिडिओचे पैसे मॅडमला मिळायला हवेत हे मला कळतं, पण इथे पैसे जातात कोणाला? दोन्हीला एकच शब्द चोरी.

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): कायदाही दोन्हीला एकाच मापानं मोजत नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज मिळून तुटून पडले होते, विद्यार्थ्यांना पुस्तकातली प्रकरणं एकत्र बांधून देतो म्हणून. २०१६ मध्ये कोर्टानं सांगितलं की शिकवण्यासाठीची ती सूट कायद्यातच आहे, पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस सोडून दिली. टेलिग्रामवर अख्खं पुस्तक टाकणं त्यात बसत नाही हां.

गावंडे काका (ए-३०३): एवढी डोकेफोड कशाला. सरकारनं टेलिग्रामच बंद करून टाकावं, सगळा इंटरनेट कंट्रोलमध्ये ठेवावा.

चेतन (बी-४०२): काका मी नेटवर्किंगमध्ये काम करतो, सांगतो. साइट ब्लॉक करणं म्हणजे रक्तबीज आहे, एक थेंब सांडला की दहा उभे. दिल्ली हायकोर्टानं २०१९ मध्ये म्हणूनच डायनॅमिक ऑर्डर काढली, तीच साइट नव्या पत्त्यावर आली तर पुन्हा नवीन केस नको, त्याच आदेशात जोडा. तरी पोट्टे फोनमधलं डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारं सेटिंग, बदलून पाहतेच. अन् आंधळेपणानं ब्लॉक केलं की काय होते तेही झालं आहे, २०१२ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एका पिक्चरच्या ऑर्डरवर इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ ही अख्खी व्हिडिओची साइट बंद केली होती, तिथे लोकांचे स्वतःचे व्हिडिओ होते. मग कोर्टाले सांगा लागलं बाप्पा, फक्त तेवढी लिंक बंद करा

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): आणि काका, कंट्रोल म्हणाल तर पालघरच्या दोन मुली आठवा. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एक लिहिते, दुसरी लाइक करते, दोघींना अटक. त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं ६६-अ कलम २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारचंच युनिट ठरवणार हा नियमही मुंबई हायकोर्टात पडला, दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही तेव्हा तिसरं मत न्या. चांदूरकरांनी दिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये. ते आपल्या नागपुरात वकिली केलेले, हे आमच्या वकिलांच्या बारमध्ये अजून छाती फुगवून सांगतात 😊 इंगळे मॅडमचे व्हिडिओ काढायला कोर्टाचा आदेश आणि चॅनलवाल्याचं नाव पुरतं, त्यासाठी सगळ्यांच्या फोनवर पहारा नको.

गावंडे काका (ए-३०३): ठीक आहे. पीडीएफ मी माझ्या भावांच्या ग्रुपवर टाकीन.

ढोबळे काकू (बी-१०३): 🙏🙏

वानखेडे, सेक्रेटरी (ए-१०१): सर्वांनी मुद्द्यावर या. शनिवारचं काय? गाणी लावायची की नाही तेही सांगा, परवा एकानं फोन करून लायसन्स घेतलं का म्हणून विचारलं.

अ‍ॅड. मेश्राम (बी-२०१): आरती-पूजेला काही लागत नाही. सोसायटीच्या बंद हॉलमध्ये रहिवाशांसाठी रेकॉर्डिंग वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे. हौशी मंडळींनी तिकीट न लावता नाटक केलं तरी सूट आहे. पण तिकीट लावून ऑर्केस्ट्रा ठेवला तर मला विचारू नका. पिक्चरला मात्र ही सूट नाही, ओटीटीचं अकाउंट विकत घेतलं असलं तरी ते घरासाठी आहे, दीडशे माणसांच्या हॉलसाठी नाही. भारतात पिक्चरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० च्या आधीचा चालेल, फक्त त्यातल्या कथेचे-गाण्यांचे हक्क वेगळे मोजतात, ते बघून देते.

चेतन (बी-४०२): ताई ब्लॅक अँड व्हाइटले पोट्टे दहा मिनिटं बसणार नाही

ढोबळे काकू (बी-१०३): पोट्टे नसतील तर आम्ही बसतो, तू प्रोजेक्टर लावून दे फक्त.

साहू भाऊ (सी-००४): एका शोचे रीतसर पैसे भरून पण पिक्चर मिळतो, माझा एक जुना ओळखीचा डिस्ट्रिब्युशनमध्ये होता. आज संध्याकाळी त्याले रेट विचारतो, गेल्या वर्षीचा मराठी मिळाला तर दोघांचंही भागते.

वानखेडे, सेक्रेटरी (ए-१०१): विचारा. वर्गणीत डेकोरेशन काढून थोडे शिल्लक आहेत, रेट कळला की सांगतो. तोपर्यंत चेतन, कोणतीच लिंक नाही.