मदत हवी आहे: दुसरा पिचर कसा निवडता?

मंडळी, ड्राफ्टकिंग्ज या फँटसी साइटवर बेसबॉलची टीम लावताना ५०,००० डॉलरच्या कॅपमध्ये (खेळाडूंच्या एकूण किमतीची मर्यादा) दहा खेळाडू बसवायचे, त्यातले दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. पहिला महागडा घेतो, तिथे प्रश्न नाही. घोडं अडतं दुसऱ्यापाशी. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) २ गुण, पूर्ण इनिंगला २.२५, पण प्रत्येक अर्न्ड रनमागे (फिल्डरच्या चुकीशिवाय पिचरवर झालेली रन) २ वजा. स्वस्तातला पिचर तिसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला की सगळंच कोसळतं, आणि फार वाईट वाटतं. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी अर्न्ड रन्स, बघणं मी सोडलंय. पिचरचा स्ट्राइकआउट रेट आणि समोरचे बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतात, ते पाहतो. डेन्व्हरच्या कूर्स फील्ड या मैदानावर खेळणारा तर घेतच नाही, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. वेगासच्या सट्टेबाजांनी समोरच्या टीमसाठी धरलेल्या रन्स की पिचरचा अलीकडचा पिच काउंट (सामन्यात टाकलेले चेंडू), तुम्ही जास्त भर कशावर देता? लाइनअप आज संध्याकाळी लॉक होतेय, कृपया लवकर सांगा.