मदत हवी आहे: टीव्ही, संकेतस्थळे आणि मोबाइलवरील जाहिरातीची एकत्रित पोहोच कशी काढावी?

आमच्या मसाल्यांच्या छोट्या उद्योगाची एकच जाहिरात एका मराठी वृत्तवाहिनीवर, काही संकेतस्थळांवर आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये सुरू आहे. परंतु तिन्ही अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत. वाहिनीचे आकडे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेच्या निवडक घरांच्या नमुन्यावरून काढलेल्या जीआरपीमध्ये, म्हणजे पोहोचीची (जाहिरात निदान एकदा पाहिलेल्यांची) टक्केवारी गुणिले सरासरी वारंवारता (त्यांनी ती सरासरी किती वेळा पाहिली), असे मिळतात, तर संकेतस्थळे इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दाखवली गेली) मोजतात आणि जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद (व्हिडिओ असल्यास दोन सेकंद) पडद्यावर असला, तरी ती दिसली असे धरतात (हा निकष मला फारच उदार वाटतो). ब्राउझरची कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) आणि फोनचा जाहिरात-आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) वेगळे असल्याने एकच व्यक्ती दोनदा मोजली जाऊ शकते. आयफोनवर तर २०२१ पासून वापरकर्त्याच्या परवानगीशिवाय अ‍ॅपला तो आयडी मिळतच नाही.

प्रत्येक माध्यमासाठी वेगळा सवलत-कोड आणि वेगळा मिस्ड कॉल क्रमांक देऊन पाहिला. त्यातून विक्रीचा थोडाफार माग लागतो, पोहोचीचा नाही. स्वतंत्र सर्वेक्षण परवडणारे नाही आणि ग्राहकांचे फोन क्रमांक कोणालाही द्यायचे नाहीत. टीव्हीची जाहिरात राज्यभर दिसते, डिजिटल जाहिराती मात्र पुणे आणि सातारा जिल्ह्यांपुरत्याच आहेत. अशा स्थितीत साताऱ्यातील डिजिटल जाहिराती काही आठवडे थांबवून दोन्ही जिल्ह्यांतील विक्रीची तुलना केली, तर टीव्ही आणि मोबाइल दोन्हींवर जाहिरात पाहणाऱ्यांचे प्रमाण अंदाजे तरी काढता येईल का, की त्यासाठी दुसरी एखादी पद्धत वापरावी लागेल?