विषाणू सजीव नाही, मग लशीत 'जिवंत' कसा?

शब्दवेडी: शाळकरी मुलांसाठी लशींवरची पुस्तिका मराठीत आणतेय. पान ३ वर 'विषाणू पेशीबाहेर सजीवांची लक्षणे दाखवत नाहीत', पान ९ वर पोलिओच्या थेंबांत 'जिवंत, पण क्षीण केलेले विषाणू'. संपादकबाईंचा लाल शेरा: जो सजीवच नाही तो जिवंत कसा? 'सक्रिय' करू का?

पंतोजी: बाई बरोबर. जीव + वंत, धनवंत-गुणवंतसारखा. जीव असेल तोच जिवंत.

बोरूबहाद्दर: पंतोजी, तसं असतं तर 'जीववंत' झालं असतं. संस्कृत 'जीवत्', म्हणजे जगत असलेला. त्यावरून प्राकृत 'जीवंत'. सजीव ही जात, जिवंत ही अवस्था. आणि 'सक्रिय' कार्यकर्ते असतात हो!

कोरडवाहू: पेरणीआधी आम्ही सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळून सावलीत ठेवतो. पाच-सहा दिवसांनी उलगडायचं. ७० च्या वर मोड आले तर बियाणं चांगलं. पोत्यात होतं तेव्हा ते जिवंत की मेलेलं? वडील म्हणायचे, बी झोपलंय. विषाणूलाही पेशी मिळेस्तोवर झोपलेला म्हणा की.

परीक्षानळी: झोपलेलं बी मंद का होईना, श्वसन करतं. विषाणूत तेवढंही नाही. १९३५ साली वेन्डेल स्टॅन्लीने तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचे चक्क स्फटिक मिळवले, आणि ते पानाला लागले की रोग पुन्हा हजर. २००२ मध्ये तर अमेरिकेत रसायनं जोडून पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत घडवला. त्याला कुठल्या तोंडाने जिवंत म्हणायचं?

बोरूबहाद्दर: मग इंजेक्शनवाल्या पोलिओ लशीत 'मृत विषाणू' लिहितात, तेव्हा शेरा का नाही? जगला नाही तो मेला कसा?

पंतोजी: तेही चूकच. तिथे 'निष्क्रिय' हवं. उद्या 'जिवंत काडतूस'सुद्धा सजीवांत घालाल.

भीमाकाठ: काडतूस सोडा. उजनी धरणाचा 'मृतसाठा', म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी, ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. वापरायचं पाणी संपून धरण 'वजा'त गेलं की आम्ही सोलापूरकर तेच मेलेलं पाणी पितो.

कोरडवाहू: आमच्या विहिरीचा झरा मात्र जिवंत आहे हां, मे महिन्यातसुद्धा.

शब्दवेडी: मंडळी, पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. पान ९ चं काय करू?

पंतोजी: आधी 'विषाणू'तल्या 'अणू'चं बघा. अणू म्हणजे ॲटम ना?

भीमाकाठ: आणि मृतसाठ्यात मासे आहेत, त्यांना कुठे मोजायचं?