लॅचच्या (चाइल्ड सीट बेल्टशिवाय गाडीला अडकवायची सोय) अँकरचा रिकॉल आलाय, पार्ट नाहीत म्हणतात, तोवर चाइल्ड सीट बसवायची कशी?

एडिसनची_आई:
आमच्या एसयूव्हीचं रिकॉलचं पत्र आलंय, मागच्या सीटच्या लोअर अँकरचं (चाइल्ड सीट अडकवायच्या खालच्या कड्यांचं) वेल्डिंग कच्चं आहे, धडक बसली तर सुटू शकतं म्हणे. डीलरला फोन केला तर पार्टच आले नाहीत, आले की कळवू, आणि कधी ते कोणी सांगायला तयार नाही. लेक अडीच वर्षांची, अजून रिअर फेसिंगच (मागे तोंड करून) बसते, डेकेअरला तर रोज न्यायचंच आहे. नवरा म्हणतो सीटबेल्टने बसवू, पण लॅच जास्त सेफ म्हणूनच दिलंय ना? त्यात सासूबाई येतायत, "मी घेते की मांडीवर" हे आत्तापासूनच ऐकू येतंय मला 😅

जर्सीकर:
नवरोबांचं बरोबर आहे. इथे अमेरिकेत नव्या गाड्यांना लॅच 2002 च्या सप्टेंबरपासून कंपल्सरी झालं ते सीट बसवणं सोपं व्हावं म्हणून, नीट बसवली तर बेल्टनेही तेवढीच सेफ. फक्त बेल्ट लॉक करायला विसरू नका, बहुतेक गाड्यांत बेल्ट सावकाश अगदी शेवटपर्यंत ओढायचा, मग आत जाताना कटकट आवाज येतो, म्हणजे लॉक झाला. सीटलाच स्वतःचा लॉक असेल तर मात्र सीटचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची, एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा घट्ट करा. आणि डबल सेफ्टी म्हणून लॅच आणि बेल्ट दोन्ही लावू नका, मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच. तसंही मूल आणि सीट मिळून 65 पाउंड झाले की लोअर अँकर सोडायचेच असतात, काही सीटच 25-30 पाउंडांच्या असतात, त्यामुळे तुम्हाला बेल्टवर कधी ना कधी यावंच लागलं असतं.

दोन_पोरांचा_बाप:
पत्र नीट वाचा, फक्त लोअर अँकरचा आहे की वरच्या टेदरचाही (चाइल्ड सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा पट्टा) आहे? रिअर फेसिंगला सहसा टेदर लागत नाही म्हणून आत्ता फरक पडणार नाही, पण पुढे तोंड केलं की बेल्टने बसवा नाहीतर लॅचने, टेदर लावायचाच. आणि कधीकधी रिकॉल बेल्टचाच असतो हे लक्षात ठेवा, 2018 च्या फोक्सवॅगन अॅटलसचा रिकॉल आठवतोय, मधल्या रांगेत दोन रुंद चाइल्ड सीट एकदम लावल्या की बेल्टच्या बकलचा बेस खराब होऊ शकत होता. तिथे "बेल्टने बांधा" एवढं सांगून भागलं नसतं. एनएचटीएसएच्या (अमेरिकेचं रस्ते सुरक्षा खातं) साइटवर 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) टाकला की तुमच्या गाडीवरचे बाकी पेंडिंग रिकॉलही दिसतील. चाइल्ड सीटचा रिकॉल वेगळा, तो व्हीआयएनवर दिसत नाही, सीटसोबतचं रजिस्ट्रेशन कार्ड भरलंय ना?

मावशी_टेक:
मी सर्टिफाइड चाइल्ड सीट टेक्निशियन आहे. जवळच्या फायर स्टेशनला किंवा पोलिसांकडे विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट चेक करून देतात, आधी अपॉइंटमेंट मात्र घ्या. जाताना रिकॉलचं पत्र आणि दोन्ही मॅन्युअल न्या. आणि सासूबाईंना चेकिंगला सोबत घेऊन जा, सुनेने सांगितलेलं आणि युनिफॉर्ममधल्या माणसाने सांगितलेलं यात फरक असतो हो!

पुणेरी_गाडीवाला:
इकडे भारतात मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचा कायदा आला, 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंडही आहे. पावती फाडलेली मी तरी पाहिली नाही. मांडीवर घेणाऱ्या आज्या मात्र सिग्नलगणिक.

एडिसनची_आई:
धन्यवाद सगळ्यांना. पत्र परत वाचलं, लोअर अँकरच आहेत, टेदर आणि बेल्टचं काही नाही. आज बेल्टने बसवली, कटकट आवाज आला, एक इंचही हलत नाही. अजून एक, सासूबाईंसाठी रेंटल घेणार होतो, त्यातही असा रिकॉल निघाला तर?

दोन_पोरांचा_बाप:
मोठ्या रेंटल कंपन्यांना 2016 पासून रिकॉल पेंडिंग असलेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने देता येत नाही, 35 पेक्षा जास्त गाड्या असतील तर. सेकंड हँड डीलरला मात्र फेडरल कायद्यात अशी बंदी नाही, तिथे व्हीआयएन आपणच टाकून बघायचा.