ओसीडीसाठी टीएमएस: जागा कोणती, आणि सेशनआधी ओसीडी का चाळवतात?

प्रश्न:
ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींचा आजार) एसएसआरआय गटाची गोळी पुरेशा डोसने 12 आठवडे घेऊन, ईआरपी (भीतीला सामोरं जाऊन कृती रोखण्याची थेरपी) करूनही वायबॉक्स (ओसीडीची तीव्रता मोजणारा स्कोअर) 26 वरच अडकला असेल, तर डिप्रेशनसाठी वापरतात तीच टीएमएस (डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय पल्स देणं) कॉइल ओसीडीला चालते का? शिवाय सेशनआधी मुद्दाम लक्षणं चाळवतात, ती कशासाठी?

उत्तर 1:
जागा वेगळी आहे. डिप्रेशनमध्ये सहसा डावा डीएलपीएफसी (मेंदूच्या पुढच्या भागाची बाहेरची बाजू). इथे मेंदूच्या मध्यरेषेतले मीडियल प्रीफ्रंटल आणि अँटिरियर सिंग्युलेट हे भाग. ते खोलवर असल्याने आठच्या आकाराची नेहमीची कॉइल तिथे तोकडी पडते, म्हणून खोलवर पोचणारी एच-7 कॉइल. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये ओसीडीसाठी परवानगी दिली ती या डीप टीएमएसला. 20 हर्ट्झवर 2 सेकंद पल्स, 20 सेकंद विश्रांती, अशा 50 फेऱ्या, म्हणजे 2000 पल्स. सहा आठवड्यांत 29 सेशन.

चूक होते ती मोटर थ्रेशोल्डमध्ये (स्नायू हलवायला लागणारी पल्सची किमान ताकद). तो पायाचा काढायचा, मग कॉइल 4 सेंमी पुढे सरकवायची. मेंदूतला हाताचा भाग वरवर असल्याने हाताचा थ्रेशोल्ड कमी येतो. त्यावरून ताकद ठरवली तर खाली पुरेसं पोचतच नाही.

उत्तर 2:
चाळवण्याचा हेतू असा की पल्स पडताना ओसीडीचं सर्किट जागं असावं. 0 ते 10 मध्ये अस्वस्थता 4 ते 7 हवी. उदाहरणार्थ, दाराच्या मुठीला हात लावायचा आणि तो न धुता खुर्चीत बसायचं. "काही होणार नाही ना?" असं पेशंटने विचारलं आणि ऑपरेटरने धीर दिला, की अस्वस्थता लगेच उतरते आणि ती तयारी वाया जाते. मनातल्या मनात मोजणं, जप करणं हेही तसंच. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून विचारावंच लागतं. रोज एकच ट्रिगर वापरला तर तो बोथट होतो. यादी मोठी ठेवा.

उत्तर 3:
अपेक्षा बेताची ठेवा. मुख्य चाचणीत सहा आठवड्यांनी प्रतिसाद 38%, खोट्या उपचारात 11%. प्रतिसाद म्हणजे वायबॉक्समध्ये किमान 30% घट, म्हणजे 26 चे 18. तरी आजार मध्यम उरतोच. त्यामुळे ईआरपी सोडू नका.

डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर टीएमएस नाही. क्लोमिप्रामिन, जागरण, दारू अचानक बंद करणं यांनी फिटचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. कानात इअरप्लग प्रत्येक वेळी.