सरकार बदललं की प्रभाग बदलतो, हे चालू द्यायचं का?

नीराकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, "सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडणं हीच खरी लोकशाही. ज्यांना ते खुपतं त्यांना जनताच नको आहे." खाली वाहवाही झाली. मला ते झोंबलं, म्हणून हा वेगळा धागा.

थेट निवड चांगली की वाईट हे नंतर बघू. आधी हे बघा. २०१७ ला थेट सरपंच आला, २०२० ला महाविकास आघाडीने काढला, २०२२ ला शिंदे-फडणवीस सरकारने परत आणला. नगराध्यक्षाचंही तेच. पुण्यातले प्रभाग २००२ ला तीन सदस्यांचे, २००७ ला एकाचे, २०१२ ला दोघांचे, २०१७ ला चौघांचे. २०१९ ला कायद्यात पुन्हा एक, २०२१ ला तीन, आणि जानेवारी २०२६ मध्ये मत दिलं ते चौघांच्या प्रभागात. मुंबई एकसदस्यीय राहिली खरी, पण तिथेही २२७ प्रभागांचे २३६ केले आणि पुन्हा २२७.

यात सगळेच पक्ष आले. माझी मागणी एकच आहे. नियम बदला, पण तो लगेचच्या निवडणुकीला लागू करू नका, त्याच्या पुढच्या निवडणुकीला करा. म्हणजे स्वतःची सोय बघून कायदा लिहिता येणार नाही.

बालाघाट
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

तुम्ही सालं मोजताय, मी गाव बघितलंय. आमच्याकडे अकरा सदस्य. निकाल लागला की त्याच रात्री सहा जण गाडीत घालून सहलीला. सरपंच निवडीच्या दिवशी थेट सभागृहात उतरायचे. पुढे वर्षभरात त्यातले काही फुटायचे, अविश्वास ठराव, परत सहल. पाच वर्षांत तीन सरपंच झाले, पाण्याच्या टाकीचं काम पायाच्या वर आलं नाही. २०१७ च्या कायद्यात पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, नंतर आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेची मंजुरी. हा बदल लगेच लागू झाला म्हणून आमचं गाव वाचलं. तुमच्या हिशोबाने आम्ही आणखी पाच वर्षं सहली बघायच्या होत्या का?

आणि जानेवारी २०२१ आठवा. थेट निवड काढून टाकल्यावरच्या त्या पहिल्याच मोठ्या निवडणुकीत उमराणे आणि खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला, आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली.

नीराकाठ
बालाघाट, जानेवारी २०२१ चं नाव काढलंत ते बरं केलंत. १४,२३४ ग्रामपंचायती होत्या त्या वेळी, आमची त्यात होती. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत कधी काढायची, तर मतदान झाल्यावर! आमचं पॅनल बहुमताने आलं आणि आरक्षण अशा प्रवर्गाचं निघालं ज्याचा एकही सदस्य आमच्याकडे नव्हता. सरपंच समोरच्या पॅनलचा झाला. ओढ्यापलीकडच्या गावात डिसेंबर २०२२ ला थेट सरपंच. एकाच तालुक्यात, एकाच वेळी दोन कायदे चालू, आणि ग्रामसेवक दोन्हीकडे एकच.

थेट निवडीतही सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं, अशी किती गावं आहेत. मासिक सभेला कोरम होत नाही, निधी पडून राहतो. ते तुम्ही सांगत नाही.

प्रभागातली
गावाचं चाललंय ते चालू द्या, शहराचं ऐका. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. एका प्रभागात ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसं. आमच्या गल्लीत चेंबर तुंबलं, घाण पाणी जिन्यापर्यंत. प्रभागातल्या चार जागा म्हणजे अ, ब, क, ड. अ जागेवाल्यांना फोन केला तर म्हणाले तो भाग क वाल्यांकडे आहे. क वाल्यांचा माणूस म्हणाला ड वाल्या ताईंना सांगा. चौघांत कामं वाटून घेतलेली, पण वाटणी मतदाराला कोणी सांगितलेली नाही. मुंबईत माझ्या बहिणीला एकच नगरसेवक. शिव्या घालायच्या तरी कोणाला ते तिला माहीत असतं.

अंबाझरी
नीराकाठ, विधिमंडळाला कायदा करायचा अधिकार आहे. निवडून आलेल्यांनी आपल्या विचाराने नियम करायचेच नाहीत का? २०११ ला महिलांचं आरक्षण तेहतीसवरून पन्नास टक्के झालं तेही राज्याच्या कायद्यानेच, आणि पुढच्याच निवडणुकीत लागू झालं. ते पाच वर्षं अडवून ठेवायचं होतं का?

दुसरं, टिकाऊ नियम म्हणजे चांगला नियम असं नाही. दोनच अपत्यांची अट बघा. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की सदस्यत्व गेलं. पंचवीस वर्षं एकाही सरकारने हात लावला नाही. तिचं काय कौतुक करायचं?

गिरणाथडी
त्या अटीला नावं ठेवू नका. लोकप्रतिनिधीने उदाहरण घालून द्यायला नको? आमच्याकडे पुढारपण करणारी पोरं दोन मुलांवर थांबली ती याच भीतीने. सर्वोच्च न्यायालयानेही हरियाणाची अशीच अट २००३ ला वैध ठरवली.

उषा_व
गिरणाथडी, थांबली ती पोरं, आणि त्यांच्या बायकांचं काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार?

माझी धाकटी जाऊ सदस्य होती. दोन मुली. सासूला नातू हवा होता, नवऱ्यालाही. तिला कोणी विचारलं नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले, मुलगा झाला आणि विरोधी पॅनलने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला. ती अपात्र झाली. ज्याने निर्णय घेतला तो नवरा अजून सोसायटीच्या राजकारणात आहे. गावात पहिल्यांदा बायकांच्या शौचालयाचा ठराव तिने मांडला होता. तो ठराव पुढे कोणी काढला नाही.

आणि ही अट आमदार-खासदारांना का नाही? उदाहरण फक्त ग्रामपंचायतीच्या बाईनेच घालून द्यायचं?

गिरणाथडी
तुमच्या घरचा प्रश्न कायद्यावर ढकलू नका, ताई. सासू ऐकत नाही म्हणून राज्याने अट काढायची?

उषा_व
घरचा प्रश्न म्हणून बोळवण करू नका. कायदा माझ्या घरात शिरला आणि चुकीच्या माणसाला शिक्षा करून गेला. आंध्रने ही अट नोव्हेंबर २०२४ ला काढून टाकली. तीही काही बायकांच्या दयेने नव्हे, लोकसंख्या घटतेय म्हणून काढली. तुमच्यासारख्या लोकांशी बोलताना माझा आवाज चढतो आणि तो चढणारच.

गिरणाथडी
आमदार-खासदारांना लावायला हवी, एवढं मान्य. सगळ्यांना लावा. पण काढू नका.

अंबाझरी
सगळ्यांना लावली तर सगळीकडे अशाच बायका अपात्र होतील, दुसरं काय. जावेला कोणी विचारलं नाही हे वाचूनही तुम्ही "सगळ्यांना लावा" म्हणता?

नीराकाठ
धागा पार अपत्यांवर गेला. उषाताई, तुमचं पटलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

अंबाझरी, पन्नास टक्क्यांचं उदाहरण बिनतोड आहे. ज्यातून सत्तेतल्या पक्षाला जागा मिळत नाहीत तो बदल लगेच लागू व्हायला हरकत नाही. पण प्रभाग दोनाचा की चाराचा, यात मतदाराचा कोणता हक्क वाढतो? आणि प्रभागरचनेचा अधिकार मार्च २०२२ मध्ये राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला तेव्हा सभागृहात एकानेही विरोध केला नाही. सत्ताधारी, विरोधक, सगळे एकमताने. ओबीसी आरक्षणाचा खटला होताच, पण या रचनेच्या फेऱ्यातही वेळ गेला. घटना सांगते की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं प्रशासक.

प्रभागातली
त्या चार वर्षांत आम्ही क्षेत्रीय कार्यालयात साहेबांच्या केबिनबाहेर बसत होतो. नगरसेवक कितीही टोलवत असले तरी ते मत मागायला परत येतात.

बालाघाट
प्रशासकाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. प्रभागाची रचना आयोगाकडे जावी हेही चालेल. पण अविश्वासाचा नियम मी तुमच्या यादीत बसू देणार नाही. सहलीची गाडी थांबली ती त्या नियमाने.

नीराकाठ
मग लिहून द्या की उद्या नवं सरकार आलं आणि तुमचा तो नियम काढायला निघालं, तर तुम्हीही "पुढच्या निवडणुकीपासून नको, त्याच्या पुढच्या" म्हणाल.

बालाघाट
त्या वेळी म्हणेन. आत्ता नाही.